डाव्या खोक्याची जोडणी

रविवार, ३

आज जे झालं ते क्रमाने.

१. आईच्या दुसऱ्या लग्नाची नोंदणी होऊन सोळा दिवस झाले. गृहस्थ गेल्या रविवारी इथे राहायला आले. सामान: दोन सुटकेस, वाचायचा एक दिवा, दोन स्पीकर.

२. हॉलमध्ये बाबांचे दोन स्पीकर आहेत. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. स्पीकर रोज वाजतात.

३. हॉल चार मीटर वीस बाय तीन मीटर दहा. एका भिंतीला खिडकी, एकीला दार, एकीला माझं कामाचं टेबल. उरलेल्या भिंतीवर एकच जोडी मावते.

४. कोणती जोडी ठेवायची हे भावनेवर ठरू नये म्हणून मी चाचणी सुचवली. कोणी विरोध केला नाही.

५. दोन्ही जोड्या पडद्यामागे ठेवल्या. बाबांची 'अ', गृहस्थांची 'ब'. कोणती कुठली हे श्रोत्यांना सांगितलं नाही. प्रत्येक खोक्याची पातळी वेगळी मोजून पाव डेसिबलच्या आत जुळवली. बटण माझ्या हातात.

६. श्रोते तीन: आई, मावशी, गृहस्थ. ऐकवलेलं: पियानो, चेलो, एका बाईचं गाणं, बातम्या वाचणारा एक पुरुष.

७. निकाल: 'अ' तीन, 'ब' शून्य.

८. 'ब' जाणार.

आता उरलेलं. मी यंत्रांचा आवाज मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पंखे, पंप, कंप्रेसर. त्यामुळे घरातल्या चाचणीत ढिलाई करायची नाही असं ठरवलं होतं. गृहस्थ एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करत होते. त्यांची जोडी त्याच स्टुडिओतली. केंद्राने नवी घेतली तेव्हा जुनी त्यांनी मागून घेतली. चाचणीआधी त्यांनी विचारलं, "तारा मी जोडून देऊ का, इंजिनीअरबाई?" ते मला असंच म्हणतात, आणि 'तुम्ही' म्हणतात.

"नको. तुम्ही श्रोते आहात. श्रोत्याला जोडणी दिसली तर चाचणी बाद."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले. मधल्या.

मावशीने 'ब' ऐकून तोंड वाकडं केलं. "हा बातम्यांवाला कपाटात बसून बोलतोय का गं? आणि ही बाई गातेय की गुळण्या करतेय?"

"बोलायचं नाही. कागदावर लिही."

"लिहिते. कपाट, गुळण्या."

श्रोता क्रमांक तीनबद्दल माझ्या कागदावर ही नोंद आहे: 'ब' सुरू होताच डोकं एक वीत डावीकडे, परत मध्ये. उजवा हात वर, कोणाला थांबवताना करतात तसा. माझ्याकडे पाहिलं. हात खाली. मग बराच वेळ लिहिलं नाही. शेवटी 'अ'.

मंगळवार, ५

आलेख पुन्हा पाहिले. 'ब'चा प्रत्येक खोका एकेकटा मोजला तेव्हा खर्जात पंचेचाळीस हर्ट्झपर्यंत सरळ जातो. बाबांचे सत्तरलाच दमतात. तरी तिघांनीही 'ब'बद्दल 'खर्ज नाही' असं लिहिलं आहे. म्हणजे आलेख आणि माणसं यांत तफावत आहे. खोलीचा परिणाम असावा.

'असावा' हा शब्द मी कामाच्या अहवालात कोणाला चालवू देत नाही.

दोन्ही जोड्यांबद्दल माझं मत मी कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे. बाबांची: बंद खोकी, खर्जासाठी आठ इंची कागदी पडदा, वर बारीक सुरांसाठी रेशमी घुमट. गाणारी बाई हाताच्या अंतरावर येते. चेलो मात्र लहान होतो, मुलाच्या खांद्यावर द्यावा इतका. गृहस्थांची: पातळ प्लायवूड, करडा रंग, कोपरे झिजलेले, पुढे हवेसाठी भोक. दिसायला अवजारासारखी. एकेकटा खोका ऐकला तेव्हा माणसाचा बोलण्याचा आवाज फार खरा वाटला. दोन्ही मिळून तसं झालं नाही.

मावशीचा फोन. "पेपर काढला तू, परीक्षा घेतली तू, तपासला तू. नापास तो बिचारा."

"मत तूच दिलंस, 'अ'ला."

"दिलं. मला जे कानाला बरं वाटलं ते दिलं. पण काय गं, तुझं ते टेबल म्हणजे घराचा खांब आहे का? ते हललं तर छत खाली येईल?"

मी म्हणाले, तिथे माझी उपकरणं आहेत.

"हो बाई, उपकरणं आहेत. माणसं काय, कुठेही मावतात."

गुरुवार, ७

'ब' जोडी गेली. गृहस्थांच्या ओळखीच्या दंतवैद्यांना दवाखान्यासाठी हवी होती. डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले.

"एवढी घाई नव्हती," मी म्हणाले.

"अडगळ ठेवून काय करायचं? परीक्षा झाली, निकाल लागला." त्यांनी दोन्ही खोकी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसली. मागची बाजूही पुसली. डॉक्टरांना सांगितलं, "खालून धरा. जाळीला हात नको." खाली गाडीपर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने वर आले. आईने विचारलं, एवढा वेळ काय करत होतात. म्हणाले, लिफ्ट येत नव्हती.

लिफ्ट चालू होती. मधल्या वेळात मी एकदा खाली जाऊन तिनेच वर आले होते. किरकोळ आहे, पण नोंदवते.

मंगळवार, १२

गृहस्थ बाबांचे स्पीकर लावत नाहीत. मी लावले तर ऐकतात, चांगलं म्हणतात, संपलं की पुस्तक घेऊन आत जातात. सकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून खिशातला छोटा रेडिओ ऐकतात, एका कानात नळी घालून. मी पाणी घ्यायला गेले तर स्टूल सरकवून जागा करून देतात, दरवेळी.

आई म्हणाली, "त्यांना काहीतरी हाक मारत जा. काल दार वाजलं तर तू म्हणालीस, 'ते बाथरूममध्ये आहेत.' ते म्हणजे कोण? नळ दुरुस्त करणारा?"

"काय म्हणू?"

"काहीही म्हण. 'अहो' सोडून. ते माझं आहे."

मी हसले नाही, पण विनोद बरा होता.

शनिवार, १६

चूक सापडली. चूक माझी आहे.

चाचणीच्या दिवशी मधल्या खुर्चीच्या पाठीवर मी मायक्रोफोन लावून ठेवला होता, केवळ नोंद असावी म्हणून. ती फाइल आज प्रथमच उघडली. 'ब'चे दोन्ही खोके एकत्र वाजताना दोनशे हर्ट्झच्या खाली तेरा डेसिबलची तूट आहे. एकेकटा वाजवला तर तूट नाही. याला एकच कारण असतं. एका खोक्याचे अधिक-उणे उलटे जोडले गेले. एकाचा पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता, आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज खात होते. मध्ये उभा राहायला हवा तो आवाज फाटून दोन्हीकडे पसरतो. मावशीचं कपाट ते हेच.

मी एकेक खोका मोजला. एकेका खोक्याच्या आलेखात ही चूक दिसतच नाही. हे मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

ती पकडायला दीड व्होल्टची बॅटरी पुरते. लाल टर्मिनलला अधिक लावायचं. पडदा पुढे उडाला तर ठीक. दहा सेकंदांचं काम. जोडणीच्या कागदावर मी पाहिलं: 'अ' डावा, बॅटरी, बरोबरची खूण. 'अ' उजवा, बॅटरी, बरोबरची खूण. 'ब'समोर रकाना रिकामा.

मुद्दाम केलं नाही. हे वाक्य दोनदा लिहिलं आणि एकदा खोडलं. दोन्ही जोड्यांना एकच वेळ दिला होता. 'अ'ची चाचणी केली आणि 'ब'ची नाही, याचं कारण माझ्याकडे नाही. बाबांची जोडी हरू नये असं मला वाटत होतं का? वाटत होतं. त्यासाठीच तर पडदा लावला होता.

रविवार, १७

सकाळी गृहस्थांना सांगितलं. ते वर्तमानपत्राच्या घड्या नीट करत होते.

"तीन तारखेला तुमची जोडी उलटी जोडली गेली होती. एक खोका. चूक माझी."

"असं होय?" घडी पूर्ण केली. "होतं कधीकधी."

"तुम्हाला कळलं नाही?"

"कान आता साठीचे झाले, इंजिनीअरबाई."

"ते वरच्या सुरांचं. वयाने बारीक आवाज जातात. ही चूक खालच्या सुरांत कळते. लहान मुलालाही कळते."

"मग माझं लक्ष नसेल." मग म्हणाले, "तुमच्या बाबांची जोडी खरंच चांगली आहे. बाईचा आवाज कसा समोर येऊन बसतो. असा कान सगळ्यांना नसतो, निवडताना."

मी म्हणाले, आपण त्यांना परत मागू. म्हणाले, "विकलेली वस्तू परत मागायची नसते. आणि ठेवणार कुठे? गेले ते गेले." मी दिलगिरी व्यक्त केली. "कशाबद्दल?" म्हणाले. "वायरींनी माफी मागावी."

त्यांनी हे इतक्या सहज घेतलं याचं आश्चर्य वाटलं. फारसं महत्त्व नसावं त्यांना. (पुन्हा 'असावं'.)

संध्याकाळी मी पियानो लावला होता. ते आत कणीक मळत होते. तिथूनच म्हणाले, "उजव्या खोक्याच्या जाळीचा एक स्क्रू सैल झालाय बघा. खालच्या सुरांना किणकिणतो."

तपासला. त्याच खोक्याचा, डावीकडचा खालचा. पाव फेरा सैल होता. मी सहा वर्षं त्याच खोलीत ऐकते आहे, मला कधी ऐकू आला नव्हता.

मंगळवार, १९

अर्धी रजा काढून दवाखान्यात गेले. पर्समध्ये बॅटरी.

खोकी बाहेरच्या खोलीत भिंतीशी ठेवलेली, एकावर एक. त्यांच्यावर मासिकं. जाळ्या काढलेल्या. एका खोक्यावर पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. मी डॉक्टरांना विचारलं, या रेघा कसल्या.

"सुताराच्या. आतले स्पीकर काढून भिंतीत बसवायचे, एक इथे आणि एक आतल्या खोलीत. खोकी फार जागा खातात हो. लोकांना बसायला बाक हवा." सुतार अठ्ठावीस तारखेला येणार आहे, असंही म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की खोकं हा स्पीकरचाच भाग असतो. हवा त्याच मापाची लागते, भिंतीत तो आवाज येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, रुग्ण ऐकतात तसं.

बॅटरी लावून पाहिली. उजवा: पडदा पुढे. डावा: पडदा मागे. म्हणजे माझी तार सरळ होती, डाव्याचं टर्मिनलच उलटं आहे. तेही बॅटरीने तेव्हाच कळलं असतं.

"हो, ते उलटं आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी सांगितलंय ना मला. गाडीपाशी उभं करून दोनदा सांगितलं, वर चिठ्ठी दिली." ड्रॉवरमधून काढून दाखवली. गृहस्थांचं अक्षर, सरळ, एकेक अक्षर सुटं: *डाव्याची तारा जोडायची पट्टी मी अकरा वर्षांपूर्वी बदलली. भोकं जुळेनात म्हणून उलटी बसवली. लाल ते उणे. नाहीतर आवाज फाटेल.* खाली तारीख: ७.

म्हणजे सात तारखेला त्यांना हे आठवत होतं. तीन तारखेला आठवलं नसेल. मी तारा जोडू दिल्या नाहीत, त्यामुळे विषय निघाला नाही. त्यांनी सांगायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. दुसरं वाक्य आधी यायला हवं.

डॉक्टरांच्या परवानगीने खोकी एकाच भिंतीच्या दोन कोपऱ्यांत मांडली, चिठ्ठीप्रमाणे जोडली आणि दवाखान्याचा रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. वाचणारा पुरुष दोन खोक्यांच्या मध्ये, साधारण उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर होता. तिथे पाण्याच्या कुंडीशिवाय काही नव्हतं. मी डोकं डावीकडे नेलं, तो तिथेच. उजवीकडे नेलं, तिथेच. त्याने पान उलटलं ते कळलं. श्वास घेतला तो कळला, आणि त्याला थोडी सर्दी होती.

आतल्या खोलीतून नोंदणी करणाऱ्या बाई ओरडल्या, "कोण आलंय? नंबर लावलाय का? डॉक्टरांशी परस्पर बोलायचं नाही!" बाहेर आल्या तेव्हा मला एकटीला पाहून कुंडीमागेही डोकावल्या.

एकतीस वर्षं ते रोज हे ऐकत होते. तीन तारखेला मी त्यांना मधल्या खुर्चीत बसवून ते दुसरं ऐकवलं.

डॉक्टर आतून आले तेव्हा मी म्हणाले, ही जोडी परत हवी आहे.

"त्यांनी स्वतः बोलावून दिली. त्यांनी मागितली तर गोष्ट वेगळी. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी चाचणी घेतली होती," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हातमोजा नीट ओढला. मग म्हणाले, "काय ते लेखी द्या. बघतो. आत्ता माझ्या खुर्चीत एकजण तोंड उघडून बसलाय."

बुधवार, २०

आईला सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही.

"ते विसरले असतील," मी म्हणाले.

"विसरले!" आई म्हणाली. "लग्नाच्या दिवशी कार्यालयातला पंखा ऐकून म्हणाले, याचं बेअरिंग पंधरा दिवसांत जाणार. मी म्हटलं, अहो, सही करा आधी." मग म्हणाली: "तुझ्या बाबांची जोडी राहिली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्यांनाही ते कळलं असणार. तो माणूस बोलत नाही, त्याचे कान बोलतात."

मी समोर बसून भाजी निवडायला लागले.

"त्या दिवशी तू बटण धरून उभी होतीस ना," आई म्हणाली, "तुझा चेहरा बघायला हवा होतास. बारावीच्या निकालाला एवढी पांढरी पडली नव्हतीस."

चेहऱ्याची नोंद कागदावर नाही. त्या बाजूला कोणी निरीक्षक नव्हता. मधल्या खुर्चीतून मी दिसत होते, हे खरं.

जेवण झाल्यावर मोजलं. माझं टेबल माझ्या खोलीत कपाटाशेजारी बसतं. कपाटाचं एक दार अर्धंच उघडेल. हॉलची एक मीटर साठ भिंत मोकळी होते. दोन्ही जोड्या समोरासमोर मावतात. हे माप मी तीन तारखेच्या आधी घेतलं नव्हतं.

टेबल सरकवायला गृहस्थ आले. का, ते विचारलं नाही. "तुम्ही तिकडून उचला, मी इकडून. खालून धरा." दारात ते अडकलं. त्यांनी एक पाय काढला, आत नेऊन पुन्हा बसवला. रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून एकदा टाळी वाजवली, प्रतिध्वनी कसा येतो ते ऐकायला. मीही तेच करणार होते.

"आता इथे काय?" म्हणाले.

"अजून नक्की नाही," मी म्हणाले. नक्की नसताना सांगायचं नाही, ही माझी सवय आहे. ती चांगली आहे की नाही, आज सांगता येत नाही.

गुरुवार, २१

चार मसुदे फाडले. पाचवा सकाळी दवाखान्यातल्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. नक्कल अशी:

डॉक्टर,

मंगळवारी आपण लेखी द्यायला सांगितलंत, म्हणून हे पत्र.

आपण घेतलेल्या स्पीकरमध्ये दोष नाही. आमच्या घरी दोन जोड्यांची तुलना झाली तेव्हा मी डाव्या खोक्याची जोडणी न तपासता केली. त्यामुळे ही जोडी वाईट ठरली आणि विकली गेली. ती चूक पूर्णपणे माझी. आपली त्यात काही चूक नाही आणि परत देण्याचं आपल्यावर बंधनही नाही.

दवाखान्यासाठी भिंतीत बसणारे नवे स्पीकर आपल्याला जास्त सोयीचे पडतील. त्यांना खोकी लागत नाहीत, बाकाची जागा वाचते. असे दोन मी आणून देईन आणि कोणत्याही रविवारी स्वतः बसवून, मोजून देईन. आपण दिलेली रक्कमही परत करीन. जुनी जोडी न्यायला मीच येईन.

या पत्राची घरी कोणाला कल्पना नाही. आपण नाही म्हणालात तर मी ते त्यांना सांगणार नाही. कृपया आपणही सांगू नये. त्यांना आधीच एकदा वाईट वाटून झालं आहे, आणि त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही.

मी त्यांची कोण, असं आपण विचारलंत. मी तेव्हा दिलेलं उत्तर अपुरं होतं. मी त्यांची मुलगी लागते.

सुतार गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला येणार आहे. सोमवार, २५ पर्यंत हो किंवा नाही, एवढं कळवावं ही विनंती.